हललेला माणूस

काचेच्या कडेला काळ्या शाईत तीन वाक्यं लिहिली होती. 'मासे डबाबंद करण्याचा कारखाना, आतून. ढगाळ, बावीस सेकंद. हिंदू हलला.'

लिहिणारा छायाचित्रकार त्या दिवशी चांगलाच वैतागलेला असणार. १९११ साल. अंधाऱ्या कारखान्यात फोटो घ्यायचा म्हणजे कॅमेऱ्याचं झाकण बावीस सेकंद उघडं ठेवायचं, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी श्वास रोखून उभं राहायचं. चाळीस चिनी कामगार उभे राहिले. दोन नॉर्वेजियन मुकादम उभे राहिले. एकाला मात्र दम निघाला नाही. त्याच्या जागी काचेवर नुसता धुरकट पट्टा उमटला. हिंदुस्थानातून आलेला कोणीही, शीख असो की मुसलमान, तेव्हाच्या अमेरिकेत कागदोपत्री 'हिंदू'च असायचा. त्यामुळे तो धुरकट पट्टा कोणाचाही असू शकत होता.

तो माझ्या पणजोबांचा आहे असं मला सिद्ध करायचं होतं.

मी केतकी खवणेकर. ओरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या मुखाशी असलेल्या पोर्ट हॉलिस नावाच्या गावी जुन्या दप्तरांच्या संग्रहात सतरा वर्षं काम करते आहे. जहाजांच्या याद्या, जनगणनेची पानं, काचेचे फोटो, हे माझं जग. लोकांना वाटतं, आमचं काम धूळ झटकायचं. खरं काम म्हणजे 'असं असेल' आणि 'असं आहे' या दोहोंमध्ये कुंपण घालायचं. त्यात मी फार कडक. हाताखालची मंडळी मागून मला 'पट्टीवाल्या बाई' म्हणाली असती, मराठी येत असतं तर.

आमच्या घराण्यातली जखम अशी. बाबांचे आजोबा भिकाजी हे वेंगुर्ल्याचे खलाशी. १९०८ साली बायको आणि दोन महिन्यांचा मुलगा मागे ठेवून बोटीवर चढले ते परतले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. गावाने दोन गोष्टी ठरवून टाकल्या: एक, तो बुडाला, दोन, त्याने तिकडे मडम केली. गाव सोयीप्रमाणे दोन्ही बोलायचं. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दिवस घालायचे, अशी रीत. पणजीने ते करू दिलं नाही. बंदरावर मासे विकत तिने साठ वर्षं कुंकू लावलं आणि १९६८ साली सवाशीण म्हणूनच गेली. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे होते. तिला खांदा त्यांनी दिला.

भिकाजींचा एकही फोटो नव्हता.

गेल्या वर्षी, २०३८च्या डिसेंबरात, वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी बाबांना सहा-आठ महिन्यांची मुदत दिली. बाबा पंचाऐंशीला टेकलेले. मी फोनवर रडायला लागले, तर तेच मला म्हणाले, "रडतंस कित्याक गो? तू थयसर बसलंस ती कागदा वाचूक बसलंस मां? मगे माझ्या आज्याक शोध. माका एकदा तेचा तोंड बघूचा आसा. तोंड बघितला की दिवस घालूक मी मोकळो."

मी शोधायला बसले. नशीब म्हणा, दोन महिन्यांत दोन कागद हाती लागले. पहिला एका ब्रिटिश मालवाहू बोटीची यादी: 'बिकाजी, वय चोवीस, विंगोर्ला, बंदरातून पळाला.' दुसरा १९१०च्या जनगणनेचा कागद, आमच्याच पोर्ट हॉलिसचा: 'बिक, जन्म हिंदुस्थान, मासे कारखान्यात मजूर.' पुढच्या रकान्यात लिहिलं होतं: 'अविवाहित'.

तो रकाना मी किती वेळ पाहत बसले ते सांगता येणार नाही. मला भिकाजींचा संताप आला, जणू ते समोरच्या खुर्चीत बसले होते. साठ वर्षं ती बाई कुंकू लावत होती, आणि हा माणूस गणना करणाऱ्याला सांगतो, अविवाहित! बाबांना मी बोट सांगितली, कारखाना सांगितला. रकाना सांगितला नाही.

त्या कारखान्याचा आतला फोटो संग्रहात एकच होता. तो हाच.

इथे पराग आला. पराग माझा नवरा, भौतिकशास्त्रज्ञ, आणि 'मागोवा' या यंत्राच्या तीन जनकांपैकी एक. यंत्र काय करतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फोटोच्या जुन्या काचेवर जिलेटीनचा थर असतो, त्यात चांदीच्या क्षाराचे बारीक स्फटिक. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे सुटे अणू जमतात. चार-पाच जमले तर फोटो धुताना तो स्फटिक काळा पडतो आणि चित्र उमटतं. दोन-तीनच जमले तर रसायन त्याची दखल घेत नाही. पुढच्या धुण्यात स्फटिक विरघळून जातो, पण ते दोन-तीन अणू जिलेटीनमध्ये तसेच अडकून राहतात, शंभर वर्षं. मागोवा इलेक्ट्रॉनचा बारीक झोत फिरवून ते अणू मोजतो.

म्हणजे जो माणूस क्षणभरच एका जागी होता, ज्याची काचेने दखल घेतली नाही असं आपण समजत होतो, त्याच्या खुणा तिथे असतातच. बावीस सेकंदांत त्याने दहा वेळा मान वळवली असेल तर दहा चेहरे एकमेकांवर पडलेले असतात. मागोवा ते सुटे करतो. जिथे अणू फारच थोडे, तिथे तो अंदाजाने भर घालतो. आमच्या संग्रहाचा नियम असा, की मोजलेलं करड्या रंगात दाखवायचं आणि भरलेलं निळ्या रंगात. निळं फार असेल तर चित्र नोंदीला घ्यायचं नाही. हा नियम मीच लिहिला होता.

मार्चमध्ये पराग काच घेऊन प्रयोगशाळेत गेला. दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी त्याने माझ्यासमोर छापलेला फोटो ठेवला. सगळा करडा. टेबलामागे, चिन्यांच्या रांगेत, डोक्याला फडकं बांधलेला एक पोरसवदा माणूस मान किंचित वळवून पाहत होता. निळा ठिपका एखाददुसरा.

"ईशानचं नाक!" मी ओरडले.

ईशान आमचा मुलगा, चोवीस वर्षांचा, नोकरीनिमित्त पोर्टलंडला असतो. त्या रविवारी तो घरीच होता. तो हसला आणि कॉफी करायला आत गेला. मला तेव्हा त्याचं काहीही वाटलं नाही.

आणखी एक नियम होता: नोंदीपूर्वी दुसऱ्या माणसाने मूळ मोजणी उघडून पाहायची. तोही मीच लिहिला होता. मी मूळ मोजणी उघडली नाही. ज्याच्याबरोबर सव्वीस वर्षं संसार केला त्याचं काम काय तपासायचं? मी सही केली.

बाबांकडे फोटो पोचला तेव्हा तिकडे सकाळ होती. आम्ही पडद्यावर समोरासमोर होतो. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यांनी फोटो पाहिला.

"ह्यो आमच्या ईशानासारखो दिसता गो," ते म्हणाले. "रक्त लपणा नाय."

आठवड्याभरात भटजी आले. पळसाच्या पानांचा पुतळा झाला, एकशे एकोणीस वर्षं उशिराने भिकाजींचे दिवस घातले गेले. पणजीच्या फोटोशेजारी नवी तसबीर चढली, तिला चंदनाचा हार. कावळा शिवायला वेळ लागला नाही, असं बाबांनी मला तीनदा सांगितलं. ते जेवायला लागले. झोपायला लागले. मला वाटलं, माझ्या सतरा वर्षांच्या नोकरीचं सार्थक झालं.

जूनमध्ये संग्रहाचं प्रदर्शन होतं आणि भिकाजींचा फोटो दर्शनी भिंतीवर लागणार होता. त्याखालची पाटी मी लिहायला घेतली. अमेरिकन पाहुण्यांना 'भिकाजी' या नावाचा अर्थ सांगायला हवा होता. मी लिहिलं: 'आधीची मुलं दगावली की पुढच्या मुलाला देवाकडून भीक म्हणून मागून घेतलं असं मानत. त्याचं नाव भिकाजी ठेवत, आणि त्याच्या उजव्या कानाच्या वरच्या पाळीला भोक पाडून भिकबाळी घालत, म्हणजे दृष्ट लागत नाही.'

लिहिता लिहिता मान वर केली आणि फोटोकडे पाहिलं. चेहरा डावीकडे वळलेला, उजवा कान पूर्ण समोर.

कान कोरा होता. वरच्या पाळीला भोक नाही. खालच्या पाळीलाही नाही.

खालचं तरी हवंच होतं. बारशाच्या आगेमागे कान न टोचलेला पोरगा तेव्हा उभ्या कोकणात सापडला नसता. मग हा कोणाचा कान? मला उत्तर माहीत होतं, पण ते मनात यायला मी दोन मिनिटं लावली. माझ्या मुलाचे कान टोचलेले नाहीत. तो तान्हा असताना मी सोनार शोधला होता, आणि पराग आडवा आला होता: "मोठा झाला की त्याचा तो ठरवेल. आपण कोण त्याला भोकं पाडणार?"

मी मूळ मोजणी उघडली. भरलेलं सगळं वगळलं.

चेहरा नव्हता. डोळे, नाक, हनुवटी, काही नाही. खांद्याच्या वर नुसता करडा धूर. हा माणूस बावीस सेकंद एकसारखा हलत राहिला होता. फक्त त्याच्या उजवीकडे, कान असायला हवा त्या उंचीवर, एक ठिपका ठळक होता. मी तो मोठा करून पाहिला. बारीक कडी. खिडकीचा उजेड धातूवर पडून परत फिरला होता, म्हणून तेवढीच अणूंची गर्दी झाली होती.

भिकबाळी. म्हणजे तो भिकाजीच होता. आणि यंत्राला नमुना म्हणून दिलेल्या चेहऱ्यावर बाळी नव्हती, म्हणून यंत्राने ती चूक समजून पुसून टाकली होती. त्या काचेवर माझ्या पूर्वजाची तेवढी एकच खरी खूण होती.

मी गाडी काढून घरी आले. पराग अंगणात टोमॅटोच्या वेलांना काठ्या बांधत होता. मी दोन कागद त्याच्यासमोर धरले, एक चेहऱ्याचा, एक धुराचा.

त्याने नाकारलं नाही. एवढं त्याचं श्रेय.

"काही निघालंच नाही गं," तो म्हणाला. "दोन आठवडे झगडलो. बाबा रोज मला फोन करून विचारायचे, पराग, झाला काय? काय सांगणार होतो मी? धूर निघाला म्हणून?"

"हो. तेच सांगायचं होतं."

"मरणाऱ्या माणसाला?"

"आणि निळा रंग? तो आपोआप गेला?"

"मी काढला." त्याने सुतळी खाली ठेवली. "निळा ठेवला असता तर तू सही केली नसतीस."

"म्हणजे बाबांना फसवायला मला फसवलंस. माझ्या सहीने. ईशानला माहीत होतं?"

त्याने सुतळी पुन्हा उचलली. मी तिथेच ईशानला फोन लावला.

"आई, बाबा म्हणाला एक स्कॅन हवाय चेहऱ्याचा," ईशान म्हणाला. तो परागला बाबा म्हणतो. "मग सांगितलं कशाला ते. मला वाटलं, छान आहे की. आजोबांना आनंद होईल. आणि जीन्स तर आपलेच आहेत ना? थोडाफार तसाच दिसत असेल तो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू होऊ दिलं असतंस?"

बापलेकांनी एकच वाक्य पाठ केलं होतं. दोन महिने माझ्या घरात माझ्यासमोर दोघं त्या चेहऱ्याचं कौतुक ऐकत बसले होते. मी 'ईशानचं नाक' म्हणून नाचत होते आणि हे दोघं एकमेकांकडे पाहत होते. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. माहेर सोडून विमानात बसले तेव्हाही नाही.

"तू सोवळं मिरवू नकोस," पराग म्हणाला, आता त्याचाही आवाज चढला होता. "जनगणनेचा तो रकाना बाबांना सांगितलास? 'अविवाहित'? तोही कागदच आहे. तू लपवलंस ती माया, आणि मी केलं ती फसवणूक?"

तो खोटं बोलत नव्हता. पण मी लपवलेला कागद कपाटात जसाच्या तसा होता, उद्या कोणीही काढून वाचू शकत होतं. याने कागदच बदलला होता. हा फरक मला तेव्हा नीट बोलता आला नाही. मी एवढंच म्हणाले, "तू बाबांचं भलं केलंस असं तुला वाटतं. तू त्यांना त्यांच्याच नातवाचे दिवस घालायला लावलेस."

पराग पांढराफटक पडला. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संग्रहात जाऊन मी नोंद रद्द केली. सोपं नव्हतं. दोन महिन्यांत तो चेहरा सदुसष्ट ठिकाणी गेला होता, शाळेच्या पाठांत, दोन विद्यापीठांत, सिंधुदुर्गातल्या एका वर्तमानपत्रात. सदुसष्ट जणांना पत्रं लिहिली. 'छायाचित्रातील व्यक्तीचा चेहरा अंदाजाने भरलेला असून तो अस्सल नाही. तपासणीत कसूर माझी.' प्रमुखांनी मला बोलावून माझा नोंदी मंजूर करण्याचा अधिकार काढून घेतला. तो मी स्वतःच सोडणार होते, तरी त्यांनी काढून घेतल्यावर डोळ्यांत पाणी आलंच.

अडुसष्टावं पत्र बाबांना लिहायचं होतं. ते मी लिहिलं नाही, फोन केला. माझ्याकडे संध्याकाळ होती, तिकडे बाबांचा चहा झालेला.

मी सगळं सांगितलं. चेहरा ईशानचा कसा, रंग कोणी काढला, सही कोणी केली. मग म्हणाले, "बाबा, पण एक गोष्ट खरी आहे. भिकबाळी दिसते. उजव्या कानात. तो तिथे उभा होता, एवढं नक्की. मी तो फोटो पाठवते."

"बाळी खंयच्याय कानात आसता," बाबा म्हणाले. "तोंड खंय आसा?"

"तोंड नाही, बाबा."

मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. ज्याला त्याला खोटं ठरवून मी स्वतः एक कागद दाबून बसणार नव्हते. मी रकाना सांगितला.

"अविवाहित," बाबांनी तो शब्द माझ्यासारखाच, शुद्ध मराठीत म्हटला.

"आजयेन साठ वर्सां वाट बघली," ते म्हणाले. "माझ्या बापाशीन बघली. मी बघली. एकशे एकतीस वर्सां झाली गो ह्या घरान वाट बघितली. आणि तुका दोन म्हयने थांबाक जमला नाय?"

"बाबा, ते खोटं होतं."

"माका खरा कोणी मागितल्यानी? मी तोंड मागितलंय." त्यांचा आवाज फुटला. "पराग परको. तो खोटा बोललो तर बोललो. तू माझा चेडू मां?"

फोन बंद झाला.

पुढचे नऊ दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. धुराचा फोटो मी पाठवला होता. तो पोचल्याचं कळलं, पाहिल्याचं कळलं नाही. पराग आणि मी एका घरात राहून फक्त कामापुरतं बोलत होतो. मी बरोबर आहे हे मला माहीत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता.

दहाव्या दिवशी, शनिवारी, ईशान घरी आला होता. स्वयंपाकघरात त्याचा फोन वाजला. त्याने पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला.

"ईशाना, जेवलंस?" बाबांचा आवाज खोल गेला होता. "आवस जवळ आसा? बरा. तिका सांग, तसबीर मी उतरवूक नाय. आणि उतरवचंय नाय. सकाळी उठान हार सारखो करतंय, तेव्हा तुझा तोंड दिसता. माका तेवढा पुरे."

"आजोबा, आई इथेच आहे," ईशान म्हणाला. "बोलता?"

मी हात पुसत पुढे झाले.

"नको," बाबा म्हणाले. "तिका कागदा वाचूदे."

ईशानने तरीही फोन माझ्या हातात दिला. मी "बाबा" म्हणेपर्यंत पलीकडे कोणी नव्हतं.